बोटीवरचे रात्रीचे जेवण: कोणती बैठक घ्यावी आणि किती जणांचे टेबल मागावे

फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या, त्यांचे यजमान आणि त्यांची नणंद असे तिघे जण येत्या मे महिन्यात बार्सिलोनाहून निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर जाणार आहेत. वाटेत रोमसाठी चिविताव्हेक्किया बंदरात एक दिवस मुक्काम आहे. बोटीचा प्रवास तिघांनाही नवीन आहे. ट्रॅव्हल एजन्सीच्या फॉर्मवर रात्रीच्या जेवणासाठी पहिली बैठक, दुसरी बैठक आणि खुली वेळ असे तीन पर्याय आहेत, आणि त्याखाली टेबल किती जणांचे हवे असे विचारले आहे. यजमानांना मधुमेह आहे व घरी ते आठाच्या ठोक्याला जेवतात. नणंदबाई शाकाहारी असून सोमवारचा उपवास करतात. बाईंचा मुख्य प्रश्न त्यांच्याच शब्दांत असा: "अनोळखी माणसांबरोबर सात रात्री एका टेबलावर जेवायचे म्हणजे जिवावर येते. आमचे वेगळे टेबल मागितले तर मिळेल का, आणि मागावे का?"

मी वास्कोचा. बोटीच्या भोजनगृहात सव्वीस वर्षे काढली, असिस्टंट वेटर म्हणून चढलो आणि हेड वेटर म्हणून उतरलो. शेवटची काही वर्षे कोणाला कोणत्या टेबलावर बसवायचे याचा तक्ता तयार करण्याच्या कामात माझा हात असे, त्यामुळे हा प्रश्न मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पुष्कळ पाहिला आहे. उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. दुसरी बैठक साडेआठपर्यंत सुरू होत असेल तर ती घ्यावी. नऊच्या पुढे सुरू होत असेल तर खुली वेळ घ्यावी. टेबल मात्र दोन्ही बाबतींत मोठे, शक्य तर आठ जणांचे मागावे. दोघांनी चार जणांचे टेबल अनोळखी जोडप्याबरोबर वाटून घेणे हा सगळ्यांत अवघड पर्याय आहे आणि नवखी माणसे नेमका तोच निवडतात.

बैठका दोन का असतात, हे आधी समजून घेतले तर बाकीचे सोपे होते. बोटीवर जितकी माणसे असतात तितक्या खुर्च्या मुख्य भोजनगृहात नसतात. साधारण निम्म्या असतात. मंगेशीला किंवा म्हार्दोळला महाप्रसादाची पहिली पंगत उठून पत्रावळी निघाल्याशिवाय दुसरी बसत नाही, तसाच हा हिशेब आहे. पहिली बैठक उठल्यावर आम्हाला टेबलक्लॉथ, काटे-चमचे, ग्लास, पाव ठेवायच्या बशा असे सगळे पुन्हा मांडायला जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. म्हणूनच पहिल्या बैठकीतल्या पाहुण्यांना वेळेवर उठावे लागते. वेटर तोंडाने काही म्हणत नाही, पण कॉफी जरा लवकर विचारली जाते आणि शेजारची टेबले आवरायला सुरुवात होते. दुसऱ्या बैठकीला मागून कोणी येणार नसल्यामुळे तिथे गप्पा रंगल्या तरी चालतात. ज्यांना सावकाश जेवायची सवय आहे त्यांनी एवढ्या एका कारणासाठीही दुसरी बैठक निवडावी.

ठरलेली वेळ आणि ठरलेले टेबल ही पद्धत जुन्या प्रवासी बोटींपासून चालत आली. वाटेल तेव्हा येऊन, वेगळे पैसे मोजून जेवता येईल असे रेस्टॉरंट १९०५ साली 'अमेरिका' या जर्मन बोटीवर निघाले, पण ते श्रीमंतांपुरते होते. सामान्य प्रवाशाला वेळेचे स्वातंत्र्य देण्याची टूम नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली 'फ्रीस्टाइल' या नावाने आणली आणि पुढे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आपापल्या नावाने खुल्या वेळेचा पर्याय ठेवला. आज एकाच बोटीवर दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालतात, पुष्कळदा एकाच भोजनगृहाच्या दोन मजल्यांवर.

आता वेळेचा विचार. फॉर्मवर "पहिली" आणि "दुसरी" एवढेच लिहिलेले असते, घड्याळातली वेळ लिहिलेली नसते, आणि फसगत तिथेच होते. अमेरिकन वळणाच्या बोटींवर पहिली बैठक साडेपाच-सहाला आणि दुसरी आठ-साडेआठला असते. भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या इटालियन वळणाच्या बोटींवर पहिली साडेसहा-सातच्या सुमारास आणि दुसरी नऊच्या आसपास, कधी त्याहून उशिरा सुरू होते. म्हणून एजन्सीला फोन करून दोन्ही बैठकांची नेमकी वेळ विचारा आणि ती ईमेलने लेखी मागवा. त्याशिवाय फॉर्मवर खूण करू नका.

पहिल्या बैठकीची अडचण बंदरातल्या दिवशी जाणवते. चिविताव्हेक्कियाहून रोम सुमारे ७० ते ८० किलोमीटर आहे. बसने जायला तास-दीड तास लागतो, यायलाही तितकाच. दिवसभर कलोसियम आणि सेंट पीटर पायी पाहून माणूस सहाच्या सुमारास बोटीवर परततो तेव्हा त्याला आंघोळ आणि आडवे होणे एवढेच हवे असते. साडेसहाला कपडे बदलून टेबलावर हजर राहणे ही शिक्षा वाटते. अशा दिवशी पहिल्या बैठकीतल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिलेल्या मी कितीतरी वेळा पाहिल्या आहेत. शिवाय मे महिन्यात त्या भागात सूर्य रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसहाचे जेवण लख्ख उन्हात होते. आपल्याकडच्या माणसाला ते रात्रीचे जेवण वाटतच नाही.

तरीही पहिल्या बैठकीच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो मी लपवणार नाही. मे महिन्यात स्पेनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तिथे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा गोव्यात रात्रीचे दहा वाजलेले असतात, आणि तिथले साडेआठ म्हणजे आपली मध्यरात्र. गोव्याहून विमानाने थेट बोटीवर चढलेली माणसे पहिल्या दोन रात्री दुसऱ्या बैठकीत सूप येईपर्यंतच पेंगू लागतात. यावर उपाय एकच: बोट सुटण्याच्या निदान एक दिवस आधी बार्सिलोनाला पोहोचावे, दोन दिवस मिळाले तर अधिक चांगले. शरीराचे घड्याळ तिथल्या वेळेला लागले की दुसरी बैठक सुखाची होते.

आपल्या यजमानांच्या मधुमेहाचा प्रश्न मात्र या सगळ्याहून मोठा आहे. घरी आठला जेवणाऱ्या माणसाने बोटीवर साडेआठला बसणे फारसे कठीण नाही, पण टेबलावर बसणे आणि पोटात अन्न जाणे यांत अंतर असते. ऑर्डर घेतली जाते, पाव येतो, मग सूप किंवा सॅलड आणि मुख्य पदार्थ समोर येईपर्यंत पाऊण तास सहज जातो. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन केबिनमध्ये घेऊन निघालेल्या एका पाहुण्याला माझ्या टेबलावर दरदरून घाम फुटला होता. साखर घातलेला संत्र्याचा रस आणून दिल्यावर पाच-दहा मिनिटांनी ते सावरले. तेव्हापासून असा पाहुणा कळला की मी त्याच्यासमोर पाव आणि लोणी बाकीच्यांच्या आधी ठेवत असे. आपण निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या की जेवण पुढे गेले तर औषध केव्हा घ्यायचे. संध्याकाळी सहाच्या सुमारास बुफेवर एखादे सँडविच किंवा फळ खाणे चालेल का, हेही विचारा. आणि वेटरला पहिल्याच रात्री सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आम्हाला आधी कळलेले केव्हाही बरे.

दुसरी बैठक नऊनंतर असेल, तर खुली वेळ घ्या असे मी वर म्हटले. खुल्या वेळेत भोजनगृह साधारण साडेपाच-सहापासून साडेनऊपर्यंत उघडे असते आणि दारावर नाव सांगून जागा मिळते. सगळी बोट सात ते साडेसातच्या दरम्यान तिथे येते, म्हणून त्या वेळी रांग असते. सव्वासहाला किंवा सव्वाआठला गेल्यास उभे राहावे लागत नाही. बहुतेक बोटींवर आता वेळ आधी राखूनही ठेवता येते. खुल्या वेळेचा तोटा एवढाच की रोज नवे टेबल, नवा वेटर आणि नवी माणसे. पण यातून एक वाट निघते, जी थोड्या लोकांना माहीत असते: पहिल्या रात्री जो वेटर आवडला त्याच्या स्टेशनचा, म्हणजे त्याच्याकडे दिलेल्या टेबलांचा, नंबर लक्षात ठेवावा आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एकाच वेळी दारावर जाऊन तेच स्टेशन मागावे. तिसऱ्या दिवशी दारावरचा माणूस आपण न विचारताच तिकडे घेऊन जातो.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. वेगळे टेबल मिळेल का? आपण तिघे आहात म्हणून चार जणांचे टेबल तुमच्यापुरते मिळण्याची शक्यता बरी आहे. दोघांची टेबले मात्र थोडी असतात, मागणी फार असते, आणि मिळाले तरी ते फसवे असते. पुष्कळ बोटींवर दोघांची टेबले एका ओळीत इतकी जवळ मांडलेली असतात की मधून वेटरला आडवे होऊन जावे लागते. शेजारच्या दोघांचा शब्द न् शब्द कानावर पडतो, पण ओळख झालेली नसल्यामुळे त्यांच्याशी बोलताही येत नाही आणि आपल्याला मोकळेपणी आपसांतही बोलता येत नाही. एकांत मिळतो तो कागदावरच. फॉर्मवर टाकलेली खूण ही पसंती असते, हमी नसते, हेही ध्यानात ठेवा; स्वस्त भाड्यात तर ती पुष्कळदा शेवटी पाहिली जाते.

पण प्रश्न 'मागावे का' असा आहे, आणि माझे मत 'मागू नये' असे आहे. अनोळखी माणसांची भीती ज्यांना वाटते ते सहसा असा विचार करतात की माणसे जितकी कमी तितका त्रास कमी, आणि म्हणून "वाटून घ्यायचेच असेल तर चार जणांचे टेबल द्या" असे लिहितात. टेबलावर नेमके याच्या उलट घडते. चार जणांच्या टेबलावर समोर एकच जोडपे असते. त्यांच्याशी जुळले नाही तर मान वळवायला दुसरी बाजूच नाही, आणि गप्प बसले तर ते गप्प बसणे चौघांनाही ऐकू येते. आठ जणांच्या टेबलावर बोलण्याचा भार वाटला जातो. दोन माणसे बोलकी निघाली की बाकीच्या सहा जणांनी नुसते हसून मान डोलावली तरी पुरते. एखादा माणूस कंटाळवाणा निघाला तर दुसऱ्या रात्री दोन खुर्च्या सोडून बसता येते आणि कोणाला वाईटही वाटत नाही. संकोची माणसाला लपायला जागा मोठ्या टेबलावरच असते.

मला एक चौघांचे टेबल आठवते. एका बाजूला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच प्रवासाला निघालेले, कमी बोलणारे पती-पत्नी होते. दुसऱ्या बाजूच्या गृहस्थांना आपल्या शस्त्रक्रियांचे वर्णन करण्याची सवय होती, आणि त्यांची पत्नी मधेमधे राहिलेले तपशील भरत असे. पहिल्या रात्री त्या कमी बोलणाऱ्या जोडप्याने ऐकून घेतले. दुसऱ्या रात्री त्या बाईंनी मुख्य पदार्थ अर्धा ठेवला आणि गोड न घेता दोघे उठले. तिसऱ्या रात्री त्यांच्या खुर्च्यांसमोर मी लावलेल्या नॅपकिनच्या घड्या जेवण संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या. नंतर कळले की ते दोघे वरच्या मजल्यावर बुफेच्या रांगेत उभे राहून जेवत होते, आणि शेवटपर्यंत ते तसेच जेवले. टेबल बदलून मागता येते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि मी त्या वेळी असिस्टंट वेटर असल्यामुळे आपणहून विचारायला धजलो नाही. ते मला अजून लागते.

मोठे टेबल मागण्याचे आणखी एक कारण आपल्या नणंदबाई आहेत. तिघांच्या वेगळ्या टेबलावर त्या सातही रात्री भाऊ-भावजयीच्या जोडीतल्या तिसऱ्या राहतील. एकट्या स्त्रिया मोठ्या टेबलावर कशा खुलतात हे मी पुष्कळ पाहिले आहे. त्यांना आपली म्हणून एक शेजारीण मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर फिरायला सोबतही मिळते. पहिल्या रात्री त्यांना तुमच्या दोघांच्या मध्ये न बसवता कडेला बसवा, म्हणजे त्यांची एक बाजू नव्या माणसाकडे राहील. यासाठी कागदावर एक गोष्ट पक्की करावी लागेल. त्यांची केबिन वेगळी असेल तर त्यांचे बुकिंगही वेगळ्या क्रमांकाचे असेल, आणि दोन्ही बुकिंगे एकमेकांना जोडून घेतली नाहीत तर भोजनगृहाच्या यादीत आपण दोन वेगळी कुटुंबे ठरता. एक कुटुंब पहिल्या बैठकीत आणि नणंद दुसऱ्या बैठकीत, असे झालेले मी पाहिले आहे, आणि भरलेल्या बोटीवर ते निस्तरायला दोन दिवस लागतात. एजन्सीकडून दोन्ही क्रमांक जोडल्याची खात्री करून घ्या, आणि दोन्हींवर बैठक व टेबल अगदी एकसारखे लिहिलेले आहे ना, ते पाहा.

टेबलावर कोण येईल हे नशिबावर सोडलेले नसते. तक्ता करताना आम्ही आधी भाषा पाहतो, मग वय, मग बरोबर मुले आहेत का ते. भूमध्य समुद्रातल्या बोटींवर इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन अशा सगळ्या भाषांचे प्रवासी असतात आणि कोणालाही परभाषेच्या टेबलावर अडकवणे कोणाच्याच सोयीचे नसते. आपल्याला इंग्रजी टेबल मिळेल. बोटीवर भारतीय असतील तर पुष्कळदा एखादे दुसरे भारतीय कुटुंबही तिथेच असेल. भारतीयच हवेत किंवा भारतीय नकोत, असे काही मनात असेल तर तेही सभ्यपणे लिहिता येते. पुष्कळ जणांना परदेशात जाऊन पुन्हा आपल्याच माणसांत बसायचे नसते आणि ते आम्ही समजून घेतो.

बोटीवर चढल्यावर पहिल्या दुपारी एक काम करा. केबिनच्या दारावरच्या पत्रावर किंवा बोटीच्या कार्डावर टेबलाचा नंबर असतो. तो घेऊन भोजनगृहात जाऊन ते टेबल डोळ्यांनी पाहून या. दुपारी ठरावीक वेळी भोजनगृहाचा प्रमुख, ज्याला बोटीवर 'मेटर-डी' म्हणतात, किंवा त्याचे हेड वेटर टेबल बदलण्याच्या विनंत्या ऐकायला बसतात. ती वेळ दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असते. स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशेजारचे टेबल असेल तर बदलून मागा, कारण तिथे रात्रभर भांड्यांचा आवाज आणि वेटरांची धावपळ असते. भोजनगृह पुष्कळदा बोटीच्या मागच्या टोकाला असते आणि अगदी मागच्या खिडकीजवळ बोट ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर ग्लासातल्या पाण्यात दिसते; ज्यांना बोट लागते त्यांनी मध्याकडचे, खालच्या मजल्यावरचे टेबल मागावे. खिडकीसाठी मात्र हट्ट धरू नका. दुसऱ्या बैठकीत गोड येईपर्यंत बाहेर काळोख होतो आणि काचेत आपलेच तोंड दिसते.

टेबलावरची माणसे पटली नाहीत, तर बदल दुसऱ्या दिवशी सकाळी मागा. पहिल्या रात्रीच्या अनुभवावर मागितलेला बदल कोणाला लागत नाही, कारण तेव्हा पुष्कळ टेबले हलत असतात. चौथ्या रात्री उठून गेलात तर ते मागे राहिलेल्यांना कळते. विनंती हेड वेटरला करावी, आपल्या वेटरला करू नये. त्याच्या हातात ते नसते, आणि पाहुणे माझ्यामुळे गेले की काय, ही धास्ती त्याला लागते. कारण सांगायचेही बंधन नाही. "आम्हाला दुसरे टेबल मिळाले तर बरे वाटेल" एवढे पुरे. आपल्या गोव्याची माणसे बोटीवर पिढ्यान् पिढ्या कामाला आहेत, त्यामुळे एखाद्या वेटरच्या छातीवरचा बिल्ला आपण वाचत असतानाच तो "तुमी खंयची?" (तुम्ही कुठल्या?) म्हणून विचारील, आणि ते ऐकून आपल्याला भरून येईल. त्याच्याशी जरूर बोला, पण त्याच्या स्टेशनवर वीस-बावीस पाहुणे असतात हे लक्षात ठेवून जेवणाच्या मध्यात त्याला फार वेळ अडवू नका.

मोठ्या टेबलाची शिस्त वेगळी असते आणि ती माहीत असली तर निम्मा संकोच जातो. टेबलाची गती सगळ्यांत सावकाश जेवणाऱ्याची असते, कारण सगळ्यांच्या बशा उचलल्याशिवाय पुढचा पदार्थ येत नाही. त्यामुळे सात जण सूप घेत नसताना आपण एकट्याने घेतले तर सात जण थांबतात. ते वाईट नाही, पण त्या सुपावर अर्धा तास घालवू नये. शेजाऱ्याच्या बशीत आपला पदार्थ वाढायला जाऊ नये. आपल्याकडचा प्रेमाचा आग्रह तिथे अवघड वाटतो. आपण घेतलेल्या पेयाची नोंद आपल्याच कार्डावर होते, म्हणून कोणी बाटली मागवली तर तिचा हिस्सा द्यावा लागेल अशी काळजी करू नये. उरलेली बाटली केबिनचा नंबर लावून दुसऱ्या दिवसासाठी ठेवली जाते. बोलायला विषय शोधावा लागत नाही, "आज बंदरात काय पाहिले?" या एका प्रश्नावर सात रात्री निघतात. पगार, वय, मुलांची लग्ने यांची चौकशी आपण आपुलकीने करतो, पण तिथे ती चौथ्या-पाचव्या रात्रीपर्यंत राहू द्यावी.

एका गोष्टीबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन. एखाद्या रात्री बुफेवर किंवा दुसऱ्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचे ठरले, तर आदल्या रात्री टेबलावरच्या माणसांना आणि वेटरला सांगून ठेवा. कोणी आले नाही तर बाकीचे पंधरा-वीस मिनिटे ऑर्डर न देता थांबतात. माझ्या एका आठ जणांच्या टेबलावर सात जण एकाच मोठ्या कुटुंबाचे होते आणि आठवी खुर्ची एका वयस्क, एकट्या बाईंची होती. तिसऱ्या रात्री ते कुटुंब कोणाला न सांगता दुसरीकडे जेवायला गेले. बाई वेळेवर आल्या. निळा पोशाख होता, केस नीट बसवलेले होते. त्या बसल्या आणि समोर सात मांडलेल्या जागा. ते काटे-चमचे उचलावेत की राहू द्यावेत, हे मला ठरवेना. उचलले तर आता कोणी येणार नाही असे त्यांना सांगितल्यासारखे होते, आणि राहू दिले तर वाट पाहा म्हटल्यासारखे. शेवटी मी त्यांना विचारून त्यांची एकट्याची मांडणी पलीकडच्या सहा जणांच्या टेबलावर हलवली. त्या टेबलावरच्या एका आजोबांनी उठून खुर्ची ओढून दिली. त्या पुन्हा जुन्या टेबलावर गेल्या नाहीत.

शेजारच्या ताटात काय असेल, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण नणंदबाईंच्या मनात तो असणार म्हणून लिहितो. मोठ्या टेबलावर कोणीतरी बीफ स्टेक मागवील, आणि तो आपल्यापासून हातभर अंतरावर असेल. गोव्यात राहून आपण वेगवेगळ्या स्वयंपाकघरांचे शेजार पाहिलेले आहेत, म्हणून बहुतेक गोवेकरांना हे जड जात नाही. पण खरोखरच सोसवणार नसेल तर त्यात कमीपणा नाही. अशा वेळी माझा मोठ्या टेबलाचा सल्ला बाजूला ठेवून तुमच्यापुरते चार जणांचे टेबल मागा, आणि कारण स्पष्ट लिहा. अशी विनंती मी कधी हसण्यावारी नेली नाही आणि माझ्या हाताखाली कोणाला नेऊ दिली नाही.

शाकाहाराबद्दल फॉर्मवर नुसते "व्हेजिटेरियन" लिहू नका. त्या शब्दात तिथे अंडे येते, आणि भाजीच्या सुपाला कोंबडीच्या हाडांचा स्टॉक असू शकतो. सीझर सॅलडच्या मसाल्यात लहान खारे मासे असतात, पारंपरिक पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते, आणि पान्ना कोट्टासारख्या गोडात जिलेटिन असते. म्हणून "मांस, मासे, अंडे, मांसाचा स्टॉक आणि जिलेटिन नको; दूध चालते" असे इंग्रजीत सविस्तर लिहून बुकिंगवर टाका, निघण्याच्या निदान दीड-दोन महिने आधी. ठरलेल्या टेबलाचा मोठा फायदा इथे मिळतो. तोच हेड वेटर रोज गोड येण्याच्या सुमारास उद्याचा मेनू घेऊन नणंदबाईंजवळ येईल, कोणता पदार्थ चालेल ते दोघे मिळून ठरवतील, आणि स्वयंपाकघरात भारतीय आचारी असेल, जो बहुधा असतोच, तर डाळ-भात आणि एखादी भाजीही मिळेल. हे सारे आदल्या रात्री सांगितले तर. ऐन वेळी नव्हे.

मुंबईहून सुटणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या फेऱ्यांसाठी यातले बरेचसे लागत नाही, कारण टेबलावरची ओळख जमेपर्यंत बोट परत बंदराला लागते; तिथे वेळ सोयीची पाहावी आणि पुढे जावे. आपली फेरी सात रात्रींची आहे, तेव्हा त्यातला सोमवार कोणत्या रात्री येतो ते पाहून ठेवा. नणंदबाई सोमवारी फराळ करणार असतील, तर रविवारी रात्री हेड वेटरला काय चालते त्याची नावे सांगा: उकडलेले बटाटे, दही, फळे, शेंगदाणे, दूध. शेंगदाण्यांबद्दल तो आधी टेबलावरच्या इतरांना विचारील, कारण कोणाला त्याची ॲलर्जी असू शकते. आणि त्या रात्री त्यांनी केबिनमध्ये थांबू नये. टेबलावर येऊन बसावे, समोर फळांची बशी घ्यावी. शेजारीण विचारील, हे काय, आज जेवत का नाही, आणि त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असेल.